अकरा नंबरच्या माळावरची ऊब

गावाची हवा किती गरम आहे हे मोजण्याचीही नोकरी असते, यावर टाकवे बुद्रुकात कुणाचा विश्वास बसला नसता; पण तिथल्या नथूला ती लागली होती आणि पगारही मिळत होता. चौसष्ट सालच्या पौषात पुण्याच्या एका संस्थेनं लोणावळ्याची पाहणी काढली. गावाचे चार वर्ग ठरवले: एक नंबर दाट बाजार, दोन नंबर चुलींची वस्ती, म्हणजे चाळी आणि वाड्या, तीन नंबर झाडीतले बंगले आणि चार नंबर मोकळा माळ. बांधणी बघून वर्ग ओळखायचा आणि सूर्य बुडाल्यावर तिथली हवा मोजून तो पडताळायचा. भिंती दिवसाचं ऊन धरून ठेवतात, माळ ते लगेच सोडून देतो, एवढंच त्यामागचं शास्त्र.

नथू रोज तिन्हीसांजेला सायकल काढी. लाकडी मुठीला जोडलेले दोन तापमापक, त्यातल्या एकाला ओलं फडकं. ते खुळखुळ्यासारखे गरगर फिरवायचे आणि आकडे वहीत उतरवायचे. बाजारात लोक त्याला हसत. त्याला ते बरंच वाटे. रतनबाई, त्याची बायको, गेल्यापासून दीड वर्षात त्याच्याकडे बघून कुणी फारसं हसलं नव्हतं.

मोजायच्या जागा बारा होत्या. त्यातल्या अकरा मुकाट्यानं आपापल्या वर्गात बसल्या. अकरा नंबरची जागा तेवढी बसेना.

ती भुशीच्या वाटेवर होती. नुसता माळ, वाळलेलं गवत, एक उंबर. सभोवारचा माळ सोळा अंश दाखवी आणि इथं वीस. ओल्या फडक्याचा आकडाही चढा, म्हणजे हवेत ओल होती, भात शिजताना चुलीपुढं असते तशी. नथूनं तापमापक बदलला. दिवस बदलून पाहिला. दहा पावलं बाहेर गेलं की सोळा, दहा पावलं आत आलं की वीस. चौथ्या दिवशी तो त्या उबेची कड धरून चालत गेला आणि जिथं जिथं पारा उतरला तिथं खुंट्या ठोकल्या. चौकोन निघाले. लहान लहान, एकमेकांना खेटून, मधे माणूस जाईल एवढा बोळ. सात चौकोन.

साहेबांनी पुण्याहून वही परत धाडली. वर लाल शाईत शेरा होता, "मोकळ्या माळाला दोन नंबर कसा देता? पुन्हा मोजा."

नथू पुन्हा मोजत असताना एक म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन आली. येसू तिचं नाव, पलीकडच्या ठाकरवाडीतली. तिनं खुंट्यांकडं पाहिलं आणि एकाही चौकोनात पाय न टाकता ती बोळातून वळून त्याच्यापाशी आली.

"आमची घरं कुणी दावली रं तुला?"

"कुणी न्हाई, मावशी. हितं हवा ऊन लागती, म्हणून खुंट्या मारल्या."

"लागंलच की." तिनं मोळी उतरवली. "बारा वरसं झाली. जमिनीचा मालक बदलला, म्हनला उठा. भर आषाढात उठलो. जुन्या चुलीतला इस्तू नव्या चुलीत न्यायचा, ही आमची रीत. खापरात घेतला बी हुता. वाटंत पावसानं इझला. मागं कोन फिरतंय? काडी वढली आन् पेटवली नवी चूल."

"मग?"

"मग काय? घरातलं जे असतं ते इस्तवासंगं येतं. आमी न्हाई नेला. बसलंय हितंच, वाट बगत." तिनं उंबराजवळच्या चौकोनाकडं हात केला. "ती माजी चूल."

नथूनं त्या चौकोनाची एक सैल खुंटी दाबून बसवली. मग म्हणाला, "आन् न्यायला कुणी गेलंच न्हाई, तर?"

येसू त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. "तुजं कोन ऱ्हायलंय मागं?" तिनं विचारलं.

रतनबाईला पुण्याच्या इस्पितळात न्यायचं होतं त्या सकाळी तिनं चुलीतले निखारे स्वतः राखेखाली झाकले होते. "मी येस्तवर इस्तू इझू द्यू नगा," असं दोनदा बजावलं होतं. पाचव्या दिवशी ती गेली. दहावं-बारावं भावाच्या घरी उरकून नथूनं आपल्या घराला कुलूप घातलं, ते चुलीकडं न बघताच. लोणावळ्यात एका बंद बंगल्यामागची खोली घेतली, खानावळीत जेवण लावलं. खोलीत साधा स्टोव्हसुद्धा आणला नाही. आठवण येऊ नये म्हणून केलेला हा सगळा बंदोबस्त, आणि आठवण तर रोज येई, भाकरी थापतानाच्या तिच्या बांगड्यांच्या आवाजासकट.

रविवारी तो तापमापक पिशवीत घालून टाकव्याला गेला. शास्त्र गेलं खड्ड्यात. चुलीपाशी पारा दोन अंश चढावा, एवढंच त्याला हवं होतं. दोन नाही तर एक.

सूर्य बुडायची वाट बघून त्यानं गंजलेल्या कुलपात तेल सोडलं. अंगणात सतरा. ओट्यावर सतरा. माजघरात सोळा.

चुलीपाशी पंधरा. उघड्या माळापेक्षाही गार.

नथू तिथंच मटकन बसला आणि ढसाढसा रडला. बऱ्याच वेळानं, निदान तिचा हात लागलेली राख तरी हाताला लागावी म्हणून, त्यानं कंदील चुलीजवळ सरकवला.

राखेवर दीड वर्षाची धूळ बसली होती. मधोमध ओंजळीएवढा खळगा होता. खळग्यात धूळ नव्हती.

कोनाड्यात इस्तवाचं खापर असायचं. ते जागेवर नव्हतं.

रात्री आठच्या गाडीनं तो लोणावळ्याला उतरला. बंगल्यांची आळी सामसूम होती. तीन नंबरचा वर्ग. रोजचा आकडा सतरा. फाटकाशी त्यानं सवयीनं तापमापक फिरवला. सतरा. आंब्याखाली सतरा.

खोलीच्या पायरीवर एकवीस. ओल्या फडक्याचा आकडाही चढा.

त्यानं बॅटरीच्या उजेडात वही काढली आणि वर्गाच्या रकान्यात "दोन" लिहिलं.

दाराला त्यानंच सकाळी लावलेलं कुलूप होतं. हाताला ते कोमट लागलं.

किल्ली खिशातच राहिली. नथूनं आपल्याच दारावर हलकेच दोन थापा मारल्या, आणि वाट बघत उभा राहिला.