उलटा बसवलेला दगड

"आमचा दगड थेट खाणीतून येतो. प्राचीन वास्तूंकडून आम्ही घेतो ती केवळ प्रेरणा."

दुकानाच्या दारावर हे वाक्य पितळी अक्षरांत लावलेले होते.

प्रेरणा हा मोठा सोयीचा शब्द. चोरी आणि रसिकता यांना तो एकाच पंक्तीला बसवतो. मात्र खाणीतून नुकत्याच निघालेल्या दगडावर शतकांचा पाऊस पडलेला नसतो.

हे घडलेले आहे. रविवारी दुपारी, भर वस्तीतल्या, काचेच्या भिंतींच्या फर्निचरच्या दुकानात. भुताटकीसाठी ज्यांना अंधार लागतो, त्यांची निराशा होईल.

आत्याने उभी हयात जुन्या वास्तूंच्या अभ्यासात घालवलेली. भाचीचे नवे घर मांडायचे चालले होते, म्हणून जेवणाचे टेबल निवडायला तिने आत्यालाच सोबत घेतले.

भाचीच्या मनात एकच भरले. करड्या दगडाचे, कमानदार पायांचे.

"हे एकदा ठेवलं की हलायचं नाही हं," आत्या म्हणाली. "नवऱ्याशी भांडून जागा बदलायची सोय नाही."

"म्हणूनच घेतेय. त्या घरात काहीतरी एक जागच्या जागी राहील."

आत्याने सवयीने दगडाच्या खालून हात फिरवला.

खालची बाजू... पावसाने खाल्लेली होती.

वरची आरशासारखी गुळगुळीत. कडेने सर्वत्र एक बोटभर पायरी. दुकानाचा मालक त्या पायरीला 'दरबारी नक्षी' म्हणत होता.

ती नक्षी नव्हती. चौकटीत झाकण घट्ट बसावे म्हणून कोरतात ती खाच होती.

हा थडग्यावरचा दगड होता. तोही उलटा बसवलेला. शतकानुशतके मृताकडे असलेली बाजू आता ताटाखाली येणार होती.

आणि तेव्हाच...

खर्र.

मग थोडे थांबून... खर्र.

दगडाच्या आतून.

"एसी जुना झालाय," मालक म्हणाला.

त्याला कुणी काहीच विचारले नव्हते.

आत्या वळली. भाची खुर्ची ओढून टेबलाशी बसली होती, दोन्ही तळवे दगडावर टेकवून.

आवाज... थांबला.

"किती गार आहे गं, आत्या. कुणीतरी खालून तळव्याला तळवा लावल्यासारखं."

"ऊठ."

"अगं, पण..."

"ऊठ म्हणते ना."

आत्याने तिला दंडाला धरून बाहेर काढले. टेबल घेतले नाही. संकट टळले, असे तिने मानले. विद्वत्तेलाही अशा समजुती परवडतात.

पुढच्या आठवड्यात ती भाचीकडे जेवायला गेली. भाची हातमोजे घालून वाढत होती.

"हातांना काय झालं?"

"साबणाने फुटलेत गं. तू जेव."

स्वतः जेवायला बसली, तरी तिने ते काढले नाहीत.

भाचीने पाणी पुढे केले, तेव्हा आत्याला तिची बोटे जवळून दिसली. हातमोज्यांची टोके फाटली होती...

आतून.

आत्या ताटावरून उठली ती थेट दुकानात गेली. मालकाने आधी दारावरचेच वाक्य म्हणून दाखवले. आत्या जागची हलली नाही. अखेर त्याने खुर्चीवर बसकण मारली, आणि तो जे बोलला ते शब्दशः असे :

"खोटं बोलत नाही, बाई. दगड थडग्यावरचाच आहे, आम्हीच उचलून आणला. आतल्या बाजूला नखांचे ओरखडे होते. घासून काढले, तरी रोज सकाळी नवे उमटायचे. तुमची भाची इथून उठून गेली ना, त्या दिवसापासून एकही उमटलेला नाही."