पेटती वडी

पटो वा न पटो, हे घडलेलं आहे. कोरियात, थेबेकच्या डोंगरातल्या कोळशाच्या खाणवस्तीत, गेल्या हिवाळ्यात, बर्फाच्या एका संध्याकाळी.

मिरानची आई जाऊन महिना झाला होता. घर रिकामं करायला ती सोलहून एकटीच आली होती. मुक्काम खाली गावातल्या लॉजवर.

आई होती तेव्हाही ती लॉजवरच उतरायची. "घरात कपड्यांना कोळशाचा वास लागतो गं," असं एकदा तिनं आईला तोंडावर सांगितलं होतं.

आई हसली होती. पुन्हा कधी राहण्याचा आग्रह केला नाही. फोनवर एवढंच विचारायची, "जेवायला तरी येशील ना?"

मिरान म्हणायची, "बघते."

त्या संध्याकाळी ती भांडी खोक्यात भरत होती. दार वाजलं...

शेजारच्या बोकसुन काकू. हातातल्या चिमट्यात कोळशाची कोरी वडी, मधाच्या पोळ्यासारख्या भोकांची.

"नेलीस ती नेलीस, पण सांगून तरी न्यावं! माझ्या चुलीतली पेटती उचललीस आणि ही पायरीवर ठेवून पसार. अगदी आईची खोड."

वस्तीत रीतच होती ती. आपली चूल विझली की शेजाऱ्याला कोरी वडी द्यायची, पेटती आणायची.

मिराननं काहीच नेलं नव्हतं.

"ही ठेव, रात्री घालायला लागेल," काकू म्हणाल्या. "आईच्या घरात निजतेयस, बरं केलंस. मला वाटलं, नेहमीसारखी लॉजवर पळशील."

नाही म्हणावं, तर लॉजचंही सांगावं लागलं असतं. मिराननं मान खाली घातली.

"हो काकू, मीच नेली. चुकलं."

काकू गेल्या. मिरान मागच्या बाजूला चुलीपाशी गेली. तिचीच धग जमिनीखालून जाऊन खोली तापायची. झाकण उचललं.

आत थंडगार राख. चुलीच्या तोंडावर कोळ्याचं जाळं... अखंड.

ती खोलीत परतली आणि थबकली.

पायमोज्यांतून धग लागत होती.

सगळी जमीन बर्फासारखी. फक्त चुलीकडचा कोपरा गरम. आणि त्या कोपऱ्यात रजई अंथरलेली...

सकाळी सगळ्या रजया तिनंच गाठोड्यात बांधल्या होत्या.

तिनं रजईचं टोक उचललं. खाली झाकणाची वाटी होती. तिच्या लहानपणी घरात कुणी उशिरा येणार असलं, की त्याचा भात आई असाच उबेला ठेवायची.

झाकणाच्या आतून थेंब ओघळत होते. भात वाफाळत होता.

शेजारी एकच चमचा.

बसायला हवं होतं. चार घास खायला हवे होते. तिनं झाकण लावलं, कोट चढवला, दाराला कुलूप घातलं आणि लॉजवर गेली.

रात्रभर कोटाला कोळशाचा वास येत होता.

घर तिनं विकलं नाही. त्यानंतर तिथे गेलीही नाही.

परवा सोलमध्ये पहिला बर्फ पडला. संध्याकाळी काकूंचा फोन आला.

"कधी आलीस गं? आणि पुन्हा न विचारता वडी नेलीस? तुझ्या धुराड्यातून धूर निघतोय, म्हणून कळलं. तोंड तरी दाखवून जा!"

मिरान आपल्या फ्लॅटच्या खिडकीशी उभी होती.

"हो काकू," ती म्हणाली. "मीच नेली."

"मग जेवलीस का?"

मिराननं फोन ठेवला.