नारळाखाली अडकलेली शिट्टी

पडद्यावरचा बाण हलेना, कळ दाबली तरी अक्षर उमटेना, आणि शाल्मलीचा पारा चढत चालला. समुद्रातल्या तरंगत्या प्रयोगशाळेत तिने नुकतीच डॉल्फिनच्या पिल्लाची पहिली शिट्टी रेकॉर्ड केली होती. ती अजून साठवायची होती.

कारण समोरच होतं. आज खंडेनवमी. आत्याने झंप्या रोबोला सगळ्या यंत्रांची पूजा करायला सांगितलं, तर या शहाण्याने कीबोर्डवरच नारळ ठेवला. त्याखालची कळ दाबलेलीच राहिली, पडद्यावर खिडक्यांवर खिडक्या उघडत गेल्या आणि संगणकाचा जीव घुसमटला.

"डोकं आहे की डबा?" शाल्मली कडाडली.

"डबाच आहे, ताई. पत्र्याचा," झंप्या म्हणाला. त्याने ती आणखीच भडकली.

"आणि आत्या, तुझ्या संगणकाची ही जगावेगळी कार्यप्रणाली! सगळे वापरतात ती का नाही वापरत?" तिने तरातरा जाऊन स्विचला हात घातला.

आत्याने तो हात घट्ट धरला. आता तीही संतापली होती. "खबरदार. शिट्टी तात्पुरत्या स्मृतीत (वीज गेली की पुसली जाणारी जागा) आहे. वीज तोडलीस की संपलं."

"मग बसू का हात चोळत?"

"पडदा गोठलाय, पण कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा, सगळा कारभार पाहणारा) जागा आहे. त्याच्याशी थेट बोलायच्या कळा माझ्या या जगावेगळ्या कार्यप्रणालीत आहेत. नारळ उचल, या दोन दाबून धर आणि मी सांगेन ते अक्षर दाब. सावकाश."

पहिल्या अक्षराने अडेलतट्टू खिडक्यांकडून कीबोर्डचा ताबा काढून घेतला. दुसऱ्याने सगळ्या प्रोग्रामना निरोप गेला, आवरा आणि निघा. शाल्मली लगेच तिसरं दाबणार, तोच आत्या गरजली, "थांब. रेकॉर्डरला आवरू दे. घाईने हाकललास तर तो काही न ठेवताच जाईल."

शाल्मली दातओठ खात थांबली. मग तिसऱ्या अक्षराने हट्टी प्रोग्राम हाकलले, चौथ्याने उरलेली माहिती डिस्कवर (कायमची साठवण) उतरवली, पाचव्याने डिस्कवर लिहिणं बंद केलं आणि सहाव्याने संगणक नव्याने सुरू झाला.

फाइल होती. पिल्लाची बारीक, कापरी शिट्टी वाजली. मग बराच वेळ नुसतं पाणी, आणि एकाएकी दुसरी, खोल शिट्टी.

"ही कुणाची?" शाल्मलीने विचारलं.

"त्याच्या आईची. पडदा गोठला तरी रेकॉर्डर ऐकत होता."

शाल्मलीने त्या शिट्टीची वेळ पाहिली. आईने साद दिली तेव्हा तिचा स्वतःचा हात स्विचवर होता. तिचे कान तापले.

"अजून रागावलेय तुझ्यावर," ती झंप्याला म्हणाली. "पण ये इकडे. या कळा तुलाही शिकवते. उद्या ती दोघं पुन्हा बोलतील, तेव्हा मी चिडलेली असले तर मला स्विचपाशी जाऊ देऊ नकोस."