फाटकाबाहेर

सत्यशीला पेशानं नर्स. सहा वर्षांच्या कमळाला कांजण्या आल्या, तेव्हा ऊर्जानगरच्या क्वार्टरात शेजारच्या शकुबाई कडुलिंबाचा डहाळा घेऊन हजर.

"माता आली व बाई. घरात फोडणी देऊ नको."

"आमच्यात माता-बिता नाई, शकुबाई," म्हणत सत्यशीलानं खुशाल कांद्याची फोडणी दिली. आठ महिन्यांच्या धाकट्याला मात्र आतल्या खोलीत वेगळं ठेवलं. तो नुकता कुठं बसायला लागला होता.

ताप उतरला, खपल्या धरल्या. दहाव्या दिवशी कमळा खाटेवरून उतरली आणि झिंगल्यासारखी भिंतीवर आदळली. चालताना एकीकडे कलायची. उजवा हात तेवढा वर, मूठ मिटलेली, कुणाचं बोट धरल्यासारखी.

चंद्रपूरचे डॉक्टर म्हणाले, "कांजण्यांनंतर क्वचित मेंदूचा तोल सांभाळणारा भाग सुजतो. बहुतेक मुलं बरी होतात."

बहुतेक! सत्यशीलाचा जीव टांगणीला लागला.

"हात खाली घे नं, माय."

"थे बाई सोडत नाई."

"कोन बाई?"

कमळानं मान उंच करून बाजूला पाहिलं. "तिचा हळदीचा वास येते."

पंधरा दिवस झाले, पोरीच्या हातात पाण्याचा पेला ठरेना. शेवटी सत्यशीलाच शकुबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, "दहीभात कॉलनीच्या फाटकाबाहेर नेऊन ठेव. चाल बाई म्हन, अन् मांगं पाहू नको."

पण फाटकावर चौकीदार, ओळखीच्या बायका. नर्सबाईच असं करते म्हणतील! नवऱ्याला, वामनरावांना, कळलं तर? ते पहिल्या पाळीला गेले असताना तिनं भर दुपारी दहीभात मागच्या अंगणातच ठेवला. "माझ्या कमळाले सोड," एवढंच पुटपुटली. स्वतःचीच भारी लाज वाटली तिला.

तिसऱ्या दिवशी कमळा सरळ चालली. बशीतला चहा न सांडता आणला. सत्यशीलानं तिला पोटाशी धरलं आणि ढसाढसा रडली.

"डॉक्टर म्हनलेच होते नं," वामनराव हसले आणि सायकल काढून कामावर गेले.

सत्यशीलानं हळूच विचारलं, "सोडलं तिनं?"

"हो."

"गेली?"

कमळा चहा फुंकत होती. "नाई. घरातच आहे."

आतल्या खोलीतून हळदीचा वास आला.

सत्यशीला उठली. पडदा सारला.

पाळणा रिकामा होता.

धाकटा खोलीच्या मधोमध उभा होता. उजवा हात वर, मूठ मिटलेली.