बुधवारचं औषध

"बेन्नो कुबिशला मी मारलं म्हणतात," चर्चचे पाळक लीश्के टोपी चुरगाळत म्हणाले. "त्याच्या पोटात सोमलाचं विष सापडलं आणि मी दिलेल्या औषधी गोळ्याही सोमलाच्याच. उद्या पोलीस येतील."

खाजगी तपास करणारा ट्राउगोट झ्वार पाव चावत होता. "गोळीत सोमल किती?"

"एक थेंब शंभर थेंब पाण्यात, त्यातला एक पुन्हा शंभरात, असं तीस वेळा. दर खेपेला बाटली चामडी पुस्तकावर दहादा आपटायची. जितकं पातळ तितकं जोरदार. चर्चच्या मंडळीतल्या बायकांना मी हेच शिकवतो."

"म्हणजे मुंगीही मरायची नाही."

"माझी पोरं याच गोळ्यांवर वाढली!" हेंट्श्के फणकारला. चाकं बनवणारा हा सुतार झ्वारबरोबर हिंडायचा. पाळकांवर त्याची श्रद्धा होती आणि आज त्याला झ्वारचा रागच आला.

झ्वार आणि हेंट्श्के कुबिशच्या मळ्यात पोहोचले, तेव्हा मयताचा भाऊ दानिएल मेंढ्या हाकत होता.

"पाळक चार दिवस घोड्यावर, दुसऱ्या मंडळीत! इथे मंगळवारी गोळ्या संपल्या, बुधवारी दादा गेला."

"मळा आता तुझा?"

"छे हो, वहिनीचा. मला काय, मेंढ्या धुवायच्या आणि त्यांच्या गोचिडांसाठी कोठीतलं सोमल कालवायचं."

"बुधवारी कुठे होतास?"

"भिंतीपलीकडे, लोकर भरत. वहिनी काहीतरी ठोकत होती. थांबायची, परत ठोकायची. मेलं डोकं उठलं!"

आत विधवा एर्नेस्टीन बसली होती. रडून रडून तिच्या डोळ्यांतलं पाणी आटलं होतं.

"पाळकसाहेबांना बोल लावू नका," ती म्हणाली. "औषध मी शेवटपर्यंत दिलं. बुधवारी दुपारीसुद्धा."

झ्वारने टेबलावरचं बायबल उचललं. चामडी पुठ्ठ्यावर बाटलीच्या बुडाएवढे गोल वळ उठले होते.

मग त्याने पाळकांना बोलावणं पाठवलं आणि सगळ्यांना स्वयंपाकघरात जमवलं.

"पाळकसाहेब निर्दोष आहेत. गोळ्या मंगळवारी संपल्या, मग बुधवारचं औषध आलं कुठून? सोमल कोठीत होतं, कृती मंडळीत शिकलेली होती. दानिएलने ऐकले ते बाटलीचे ठोके. बाई, तुम्ही औषध घरीच केलंत."

"केलं," एर्नेस्टीन सहज म्हणाली. "तो कळवळत होता, पाळकसाहेब गावात नव्हते. मी काय हातावर हात धरून बसू?"

हेंट्श्केला आपल्या पोरांच्या गोळ्या आठवल्या. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तो असा! तिला अजून काही उमगलंच नव्हतं.

"किती वेळा पातळ केलंत?" झ्वारने हळूच विचारलं.

"एकदाच, तेही चमच्याने. ठोकून ठोकून हात भरून आला, आणि त्याला धीर निघेना." मग तिने सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि ती पाळकांकडे वळली. "कमी पडलं का हो? आणखी थोडं पातळ केलं असतं, तर वाचला असता का?"

सत्य सांगावं तर तिने नवऱ्याला विष पाजलं होतं. खोटं सांगावं, औषध कमी पडलं म्हणावं, तरी दोष तिचाच. लीश्के पुन्हा टोपी चुरगाळू लागले.

"बोला ना, पाळकसाहेब! तुम्हीच शिकवलंत."

झ्वारने दार उघडून दानिएलला गाडी जुंपायला सांगितलं. पोलिसांनी इथे यावं, यापेक्षा बाईंनी आपणहून गेलेलं बरं. पाळकांची सुटका झाली होती, पण त्यांच्याकडे कुणी पाहिलंही नाही.