पार्टिशनमागचा चौथा

आधीच सांगून टाकतो. हे रचून सांगण्याइतकी कल्पनाशक्ती आमच्या घराण्यात कोणाकडेच नाही. दादाकडे तर नव्हतीच.

दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकवायचं आणि संध्याकाळी गिटार वाजवायची, एवढाच त्याचा संसार. वहिनीही असंच म्हणायची, पण वेगळ्या स्वरात.

हे सुरू झालं तेव्हा रात्र नव्हती. वादळ नव्हतं. दिवे गेले नव्हते. रविवारची दुपार होती आणि वाद्यांच्या दुकानात ट्यूबलाइटचा लख्ख उजेड होता.

आणखी एक. शेवटचे काही दिवस दादा एक वाक्य तोंडातून निघू नये म्हणून जिवाचा आटापिटा करत होता. साधं वाक्य. दोन शब्दांचं. तुम्हीही आज बोलला असाल.

पुढे ते येईल तेव्हा मी लिहीन. मोठ्याने म्हणणार नाही…

त्याला कारण आहे.

दादाच्या बँडचा कर्ताधर्ता त्याचा मेहुणा, वहिनीचा सख्खा भाऊ. बास गिटार तो वाजवायचा, कार्यक्रम तो ठरवायचा आणि अपमानाचं खातंही त्याच्याकडेच होतं.

"दाजी, तुमची गिटार कोरडी ठाक वाजते," सरावाच्या खोलीत सगळ्यांसमोर तो म्हणाला. "पेशंटला भूल देता, तशी ऐकणाऱ्यांना द्या काहीतरी. डिले घ्या एक. नाहीतर खुर्ची मोकळी करा. दुसरा माणूस बघून ठेवलाय मी."

डिले म्हणजे पायाने दाबायची डबी, पेडल. तुम्ही वाजवलेला सूर ती जरा थांबून परत ऐकवते. मग पुन्हा, पुन्हा, विरत विरत. एकट्या गिटारीमागे मोठं रिकामं दालन उभं राहिल्यासारखं वाटतं.

ती खुर्ची दादाची कॉलेजपासूनची. तिच्यासाठी तो मेहुण्याचं काहीही ऐकून घ्यायचा. रविवारी तो दुकानात गेला. मेहुणाही सोबत गेला, कारण "तुमच्या कानांवर माझा भरवसा नाही."

दुकानदार अख्ख्या गिऱ्हाईक जातीवर डूख धरून बसलेला.

"डिले पेडल दाखवा," दादा म्हणाला.

"दाखवत नाही. ऐकवतो. लोक रंग बघून घेतात, डबीवरची चित्रं बघून घेतात, आणि मग आवाज आवडला नाही म्हणून माझ्या डोक्यावर येऊन बसतात. बसा तिकडे, भिंतीकडे तोंड करा."

त्याची रीतच तशी होती. पेडलं प्लायवुडच्या पार्टिशनमागे. गिटारीची वायर भोकातून आत. तो आतून आकडा पुकारणार, तुम्ही वाजवायचं आणि नुसत्या कानाने निवडायचं.

"एक."

दादाने सूर छेडला. परत आला तो हुबेहूब, झेरॉक्स काढल्यासारखा.

"दोन."

हा दर खेपेला थोडा धूसर होत गेला.

"तीन."

हा जुन्या कॅसेटसारखा लडखडला. दादाने मान हलवली.

मग थोडी शांतता…

"चार."

दादाने तोच सूर वाजवला. तो परत आला आणि दादाच्या मानेवर काटा आला.

यंत्राने परत दिल्यासारखा नव्हता तो. कोणीतरी नीट ऐकून घेऊन म्हणून दाखवला होता. प्रत्येक खेपेला जरा खालून… जिना उतरत गेल्यासारखा. आणि त्यात किंचित वेडावणं होतं. लहान मुलं आपलंच वाक्य आपल्याला तोंड वाकडं करून ऐकवतात, तसं.

पण आवाज होता मात्र सुंदर. असा डिले कोणाच्याच गिटारीमागे त्याने ऐकला नव्हता.

"चौथा," दादा मोठ्याने म्हणाला. "हो. हाच हवा मला."

दुकानदार पार्टिशनमागून बाहेर आला.

"चौथा कुठला? तीनच लावलेत."

"आत्ता तुम्ही चार म्हणालात की!"

"दाजी, तीनच होते," मेहुणा म्हणाला. "तीननंतर तुम्ही स्वतःशीच टुणटुण करत होतात. दात मोजताना पण असंच करता का?"

दादा उठून पार्टिशनमागे गेला. तीन पेडलं. तीन वायरी. चौथ्या जागी धूळ होती, आणि ती हललेली नव्हती.

शेवटी मेहुण्याने दोन नंबरचं पेडल त्याच्या गळ्यात मारलं. दुकानदार पिशवी देताना दादाकडे बघतसुद्धा नव्हता.

घरी आल्यावर दादाने पेडल लावलं. सूर वाजवला. परत आला. जिना उतरत.

त्याने पेडल बंद केलं. सूर वाजवला…

परत आला.

वायर उपटली. ॲम्प्लिफायरचा प्लग भिंतीतून काढला. नुसत्या लाकडावर, नुसत्या तारेवर बोट मारलं…

परत आला.

त्याने गिटार पलंगावर टाकली आणि म्हणाला, "च्यायला!"

एक श्वास जाऊ दिला कोणीतरी.

मग त्याच्याच आवाजात, जरा खालून, "च्यायला…"

वहिनी शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला एकदाच ऐकू आलं. "एकदाही नाही आलं तरी चाललं असतं," ती म्हणाली.

दादा दुसऱ्या दिवशी पेडल घेऊन दुकानात गेला. दुकानदाराने बोटाने मागच्या पाटीकडे दाखवलं. एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

"हे नाही, ते परत घ्या," दादा म्हणाला. "चौथं."

"ते मी विकलेलंच नाही."

"मग तेव्हा बोलला कोण?"

दुकानदार बराच वेळ काउंटर पुसत राहिला. काउंटर स्वच्छच होता.

"पूर्वीही ऐकलंय मी ते 'चार'," तो हळूच म्हणाला. "माझ्याच आवाजात बोलतं. पण मी कधी हो म्हटलं नाही. तुम्ही म्हणालात." मग त्याचा आवाज पूर्ववत खडबडीत झाला. "आता निघा. आणि दुकानात बोलू नका फार."

पुढचे काही दिवस दादाचा प्रत्येक आवाज परत येत राहिला. खोकला, चमचा, चपला. ऐकू फक्त त्यालाच यायचं. त्याने मला सांगितलं तेव्हा मी कानाच्या डॉक्टरचा नंबर दिला. तो कानाच्या डॉक्टरकडे गेलाही. कान उत्तम निघाले.

मग त्याच्या लक्षात आलं की मधलं अंतर कमी होतंय.

आधी एक श्वास जायचा. मग अर्धा. मग शब्द संपायच्या आत दुसरा सुरू व्हायचा, मागून कोणीतरी चपलेवर पाय देत चालावं तसा.

आणि एका सकाळी…

काहीच नाही.

दादा बोलला. एकदाच ऐकू आलं. तो आनंदाने स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "गेलं ते!" वहिनी म्हणाली, "कचरेवाला? मग आता डबा तूच खाली नेऊन दे."

गेलं नव्हतं. नुसतं बरोबरीला आलं होतं.

त्याच दुपारी दवाखान्यात एका बाईंच्या दाढेवर तो वाकला. दातांचं ड्रिलही पायाने दाबायच्या पेडलवरच चालतं. ड्रिलचा आवाज सुरू झाला…

दादाने खाली बघितलं.

त्याचा पाय जमिनीवर होता.

त्याने पाय पेडलवर ठेवला. मग ड्रिल खरंच फिरलं.

त्यानंतर सगळं आधी यायला लागलं. स्वतःचं "थुंका" ऐकू आल्यावर आपण म्हणून झालं असं समजून तो गप्प बसायचा, आणि पेशंट तोंड भरून त्याच्याकडे डोळे फाडून बघत राहायचा. घरी रोजचं भांडण.

"मी सांगितलं की तुला!"

"कधी?"

अशी भांडणं सगळ्याच घरांत होतात, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही.

अंतर वाढतच गेलं. एकदा दाढी करताना त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला, "आजी, अक्कलदाढ या वयात?" ती आजी पुढच्या आठवड्यात आली. तिला बघून दादा घामाने भिजला, आणि तरीही तेच बोलला. मी विचारलं, का बोललास? तो म्हणाला, "अरे, दुसरं सुचलंच नाही. तूही तेच बोलला असतास."

आणि मग एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला. दारातूनच त्याने मोबाइल पुढे केला. त्यावर दोन शब्द टाइप केलेले होते.

थांब, आलोच.

"हे शेवटचं," तो म्हणाला. "कालचं. फार चिडून बोललोय मी. कोणावर, ते कळत नाही. मग माझ्या चपला. भरभर… आणि मग संपलं."

"संपलं म्हणजे?"

"पुढे काहीच येत नाही. साधा खोकलाही नाही."

मी म्हणालो, "बरं झालं की. सुटलास." कारण मी मूर्ख आहे.

दादाने मोबाइलवरच्या त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. मग मला समजलं.

मी म्हणालो, "मग चिडूच नकोस ना."

त्याने ते फार गंभीरपणे घेतलं. दारावरची बेल काढून टाकली. दवाखाना बंद ठेवला. सराव सोडला, गिटारही तिकडेच राहू दिली. घरात मऊ चपला घालायचा, हळू चालायचा आणि सगळ्यांशी गोड बोलायचा. वहिनीने काय काय ऐकवलं तरी "बरोबर आहे तुझं" म्हणायचा. लग्न झाल्यापासून हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलेली वहिनी मला फोन करून म्हणाली, "भावजी, याचं बाहेर कुठे काही आहे का?"

सगळं साधारण आठवडाभर आधी ऐकू यायचं, आणि तो आठवडा त्याने जवळजवळ निभावला होता. खरंच.

मग मेहुण्याचं डोकं फिरलं. कार्यक्रम तोंडावर आलेला आणि दाजी सरावाला फिरकत नाहीत, फोन उचलत नाहीत. "घरी जाऊन खडसावतो," म्हणाला. त्याला आवरावं म्हणून मी सोबत गेलो. भर दुपार होती. वहिनी बाहेर गेली होती.

मेहुण्याने दारावर मूठ आपटली. "दाजी! आत आहात ते माहितीय मला."

आतून काही नाही.

"चल, नंतर येऊ," मी म्हणालो.

"नंतर काय? दाजी, ऐका! नवा माणूस आणलाय मी. तुमची गिटार सरावाच्या खोलीत पडून होती, तीच दिली त्याला. खुर्ची पण दिली. आणि सांगू? तुमच्यापेक्षा बरा वाजवतो. डिलेशिवाय!"

मी त्याचा दंड धरला. उशीर झाला होता.

आतून दादाचा आवाज आला. इतका चिडलेला मी तो कधी ऐकला नव्हता.

"थांब, आलोच!"

मग चपला. भरभर…

मग काही नाही.

"या, या. बघतोच," मेहुणा म्हणाला आणि खिशातून मोबाइल काढून बघत उभा राहिला.

आम्ही थांबलो. दार उघडेना. मी कान दाराला लावला. आणि आतून पुन्हा आलं… जरा खालून, जिना उतरल्यासारखं.

"थांब, आलोच…"

माझ्या तोंडून सवयीने गेलं, "हो, हो. थांबलोय."

मेहुण्याने मान वर केली. "कोणाशी बोलतोयस?"

वहिनीने येऊन किल्लीने दार उघडलं तेव्हा दादा दाराच्या दिशेनेच निघालेला होता. पोहोचला नव्हता. डॉक्टरांनी कारण म्हणून हृदयविकाराचं एक लांबलचक नाव सांगितलं आणि ते सगळ्यांना पटलं. मेहुणा सगळ्यात जास्त रडला. कार्यक्रम मात्र ठरल्याप्रमाणे झाला.

मी वहिनीला काही सांगितलं नाही. मेहुण्याला तर नाहीच. दुकानावरून जातो, तेव्हा दुकानदार माझ्याकडे बघतो आणि लगेच काउंटर पुसायला लागतो.

हे मी टाइप करतोय, तेही हळू, एकेक बोटाने. कारण त्या दुपारी मी "हो, हो. थांबलोय" म्हणालो, आणि दाराच्या आतून, एक श्वास जाऊ देऊन, माझ्याच आवाजात कोणीतरी म्हणालं होतं…

"हो, हो. थांबलोय."

आता घरात मी फारसं बोलत नाही. बायकोला वाटतं, दादाचं दुःख.

माझा आवाज अजून नंतरच येतो. मी रोज एकदा, सकाळी, दार लावून, हळूच खोकून बघतो.

आज कालच्यापेक्षा जरा लवकर आला.