काचेच्या पेटीतली ऊब

लतिकाने लॅबचं दार पायानेच ढकललं. दोन्ही हातांत थर्मास होता, आणि थर्मासात बर्फावर — शी म्हणायचं नाही हं — एक टॉन्सिल होता. सकाळीच ऑपरेशनमध्ये काढलेला, घरच्यांना विचारून संशोधनासाठी दिलेला. आणि नेमके आत, मायक्रोस्कोपच्या टेबलाखालून दोन लांबच लांब पाय बाहेर आलेले.

"हलू नका," पाय म्हणाले. "बारका स्क्रू पडलाय."

"माझ्या हातात टॉन्सिल आहे."

पाय दचकून आखडले. "...लय दुखतंय का?"

"माझा नाही हो."

मग पायांमागून धनराज बाहेर आला. केसांत धूळ, गालावर ग्रीस, आणि डोळे असे की लतिका थर्मास खाली ठेवायचंच विसरली.

धनराज पिंपळगाव बसवंतचा. घरचं द्राक्षांचं पॅकहाउस, कोल्ड स्टोरेज, आणि हा इंजिनिअर. लतिकाच्या प्रयोगासाठी त्याने काचेची एक इवलीशी पेटी बनवली. टॉन्सिलची पातळ चकती तिच्यात ठेवायची, बारीक नळीतून तिला अन्नरस पाजत राहायचा, वरून लेझरचा प्रकाश टाकायचा... आणि शरीराच्या पहारेकरी पेशी आतल्या आत कशा गस्त घालतात, ते जिवंत बघायचं. पेटीकडे लक्ष धनराजचं, पडद्याकडे लतिकाचं. आणि अधूनमधून, चोरून, दोघांचंही भलतीकडेच.

चित्र काय सुंदर यायचं. काळ्याभोर पडद्यावर हिरवे ठिपके, दिवाळीच्या पणत्यांसारखे. फक्त एक पणती जागची हलेल तर शपथ.

"पेशी चमकाव्यात म्हणून घातलेला माझा रंगच त्यांना मारतोय," लतिका दर वेळी म्हणायची.

"नाय हो. लाजत असतील," तो म्हणायचा, आणि घरची द्राक्षं पुढे करायचा.

शेवटी लॅबच्या प्रमुख मनीषा मॅडम म्हणाल्या, "शनिवारपर्यंत एक तरी पेशी हलताना दाखव. नाहीतर हे काम मी पुण्याच्या लॅबला देते. तूही तिकडेच जा." त्या संध्याकाळी घरी जाताना त्र्यंबकच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून लतिकाला कळलं, की पुण्याला मायक्रोस्कोप असेल, पेटीही मिळेल... टेबलाखालचे पाय नसतील.

शनिवार उजाडला. शेवटचा टॉन्सिल, शेवटची चकती. पडदा पुन्हा गप्प. लतिका उठली आणि निरोप घ्यावा तसं तिने पेटीच्या काचेवर बोट टेकवलं.

बोट चटकन मागे आलं.

"धनराज... ही इतकी गार का आहे?"

"गार नको?" तो गोंधळला. "जिवंत ठेवायचंय ना? तुम्हीपण बर्फातूनच आणता. मी खास कूलर बसवलाय."

लतिका त्याच्याकडे बघतच राहिली. मग हसू आलं, थांबेचना. "अहो, बर्फ वाटेपुरता. टिकतात त्या गारव्यात, पण हलतील कशा? माणसाच्या अंगाची ऊब लागते त्यांना. द्राक्षं नाहीत ती."

धनराजचे कान लाल झाले. पण पुढच्याच क्षणी तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन भिडलाही होता. कूलर निघाला, हीटर बसला. पेटी हळूहळू अंगाइतकी कोमट झाली.

आणि एक हिरवा ठिपका... हलला.

मग दुसरा. मग सगळा पडदाच. पिंपळगावच्या मार्केट यार्डात टेम्पो घुसतात तशा पेशी वाट काढत पळत होत्या. अडत होत्या, वळत होत्या, पुन्हा पळत होत्या. लतिकाचे डोळे भरून आले. एवढं सगळं आपल्या गळ्यात रोज चालतं, आणि आपल्याला पत्ताही नसतो.

"ती बघा, एक थांबली," धनराज कुजबुजला. "दुसरीला चिकटून काय करतेय?"

"चाचपून बघतेय. ओळख पटतेय का ते."

"आणि पटली की?"

"मग... बराच वेळ सोडत नाही."

तो स्क्रू-ड्रायव्हरशी खेळत राहिला. "आमच्याकडे जपायचं म्हटलं की गारच ठेवतात. मीपण एक गोष्ट... पहिल्या दिवसापासून तशीच ठेवली. बोललो नाय. खराब होईल, वाटलं."

"टॉन्सिल दुखतंय का विचारलं होतंस त्या दिवसापासून?"

तिने 'तुम्ही' कधी सोडलं, तिलाच कळलं नाही. त्याला मात्र बरोब्बर कळलं.

"हो," तो म्हणाला.

लतिकाने त्याच्या ग्रीस लागलेल्या हातावर हात ठेवला. हात कोमट होता. मॅडमना फोन करायचा होता... करू की. पडद्यावरच्या त्या दोघी अजून सुटल्या नव्हत्या.